घशाखालची सरळ वाट

चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात इंजिनाचे भाग घडवणाऱ्या बऱ्याच कारखान्यांच्या क्वालिटी विभागात बोअरस्कोप असतो. लांब, सडपातळ नळी. टोकाला उजेड आणि भिंग. सिलिंडर ब्लॉकच्या पोटातून तेलाच्या आणि पाण्याच्या अरुंद वाटा जातात. त्यांत धातूची चिप अडकली आहे का, भोकाच्या काठाला बर म्हणजे धातूची खरखरीत कड राहिली आहे का, हे ब्लॉक न कापता बघायचं तर नळी आत सरकवायची आणि पडद्यावर नजर ठेवायची. पहिल्या पाळीतला पोरगा चहाच्या सुट्टीआधी हे काम कितीदा तरी उरकतो. त्याला त्यात नवल वाटत नाही.

आता हेच काम जिवंत, खोकणाऱ्या, घाबरलेल्या माणसावर करायचं आहे असं समजा. तोंडातून नळी घालायची, स्वरयंत्राच्या फटीतून खाली उतरवायची, श्वासनळी जिथे दुभंगते तिथपर्यंत न्यायची, पुढे फुप्फुसाच्या शाखेत शिरून अडकलेली वस्तू डोळ्यांनी बघायची आणि चिमट्यात धरून आल्या वाटेने बाहेर आणायची. असं पहिल्यांदा घडलं ते ३० मार्च १८९७ रोजी, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात. त्याच मार्च महिन्यात इकडे पुण्यात प्लेग होता आणि रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घरोघर झडत्या घेत होते. फ्रायबुर्गला नळी हातात धरणाऱ्या डॉक्टराचं नाव गुस्ताव किलियन. वय ३६, पेशा नाक-घशाच्या डॉक्टरचा. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज ही जर्मन नावं चाकणमध्ये रिक्षावाल्यांनाही पाठ आहेत. किलियनचं नाव मात्र डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकाबाहेर फारसं कुणी घेत नाही.

त्या दिवशीचा रुग्ण ६३ वर्षांचा शेतकरी होता. जेवताना डुकराच्या मांसातलं हाडूक चुकून श्वासनळीत गेलं आणि उजव्या फुप्फुसाच्या मुख्य नळीत जाऊन बसलं. उजवीकडेच का, यालाही कारण आहे. श्वासनळीचे छातीत उतरल्यावर दोन भाग होतात, पण ते सारखे नसतात. उजवी नळी अधिक रुंद, आखूड आणि जवळजवळ सरळ खाली जाणारी. डावी बारीक, लांब आणि बरीच कललेली. त्यामुळे चुकून आत गेलेली वस्तू मोठ्या माणसात बहुधा उजवीकडेच घरंगळते.

किलियनच्या आधी अशा माणसाचं काय व्हायचं? एक तर खोकून खोकून वस्तू आपोआप बाहेर येईल म्हणून वाट बघायची. नाही तर गळ्याला छेद देऊन श्वासनळी उघडायची आणि आकडा किंवा चिमटा आत घालून अंदाजाने चाचपडायचं. वस्तू निघाली तर नशीब. राहिली, तर तिच्या पलीकडच्या फुप्फुसात हवा जायची नाही, कफ साचायचा, त्याचा पू व्हायचा. प्रतिजैविकं नव्हती, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना व्हायला अजून ५७ वर्षं अवकाश होता. न्यूमोनिया आणि फुप्फुसातलं गळू मिळून पुढचं काम करत. हाडकाचा तुकडा बोटाच्या पेराएवढा, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाटच कुणाला ठाऊक नव्हती.

वाट का नव्हती, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

आरशासमोर उभं राहून आ केला तर पडजीभ दिसते, टॉन्सिल दिसतात, घशाची मागची भिंत दिसते. स्वरयंत्र दिसत नाही. तोंडाची पोकळी आडवी आणि श्वासनळी उभी. मध्ये जवळजवळ काटकोनाचं वळण, आणि त्यावर जिभेचं मूळ आडवं आलेलं. त्या वळणापलीकडे नजर टाकण्याची युक्ती डॉक्टराने शोधली नाही, गाण्याच्या मास्तराने शोधली. मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश गायनशिक्षक. १८५४ मध्ये पॅरिसला असताना त्याने दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर उन्हाची तिरीप पाडली आणि स्वतःच्या स्वरतंतूंची उघडझाप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आयुष्यभर आवाज घडवणाऱ्याला आवाज कुठून निघतो ते एकदाचं दिसलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. हा गृहस्थ १०१ वर्षं जगला आणि त्याच्या शंभरीला जगभरातल्या घशाच्या डॉक्टरांनी त्याचा सत्कार केला. गवयाच्या पाया पडणारे डॉक्टर वैद्यकाच्या इतिहासात तेवढेच असावेत.

डॉक्टरांनी तो आरसा उचलला आणि लगेच त्यावरून भांडणही उकरून काढलं. व्हिएन्नाचा लुडविग ट्यूर्क १८५७ च्या उन्हाळ्यात रुग्णांच्या घशात आरसे घालून बघत होता. हिवाळ्यात ऊन गेलं तसं त्याने काम बाजूला ठेवलं. योहान चेरमाक याने त्याच्याकडून तेच आरसे उसने नेले, उन्हाऐवजी दिवा आणि भोकाचा अंतर्गोल आरसा वापरला आणि वर्षाचे बाराही महिने घसा बघता येतो हे दाखवून दिलं. मग आधी कोण, यावर दोघांची जुंपली. माझं मत विचाराल तर श्रेय गार्सियाला आणि उजेड चेरमाकला द्यावा, भांडण दोघांना वाटून द्यावं.

या आरशातून एक नवाच पेशा जन्मला: घशाचा तज्ज्ञ. ट्युबिंगेनच्या व्हिक्टर फोन ब्रुन्स या सर्जनने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला आरशात बघत बघत आपल्या सख्ख्या भावाच्या स्वरयंत्रावरची गाठ गळा न कापता काढली. हात डावीकडे नेला की आरशात दुसरंच काही दिसतं, रुग्णाला क्षणाक्षणाला उमासा येतो, आणि भूल नाही. रुग्णाच्या घशाला कित्येक आठवडे स्पर्शाची सवय लावावी लागे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं आणि त्याच वर्षी येलिनेकने तेच कोकेन घशाला लावलं. उमासा थांबला. आज ज्या पदार्थाच्या नावाने पोलीस धाड घालतात, त्याने त्या काळी घशाच्या डॉक्टरांचं काम सुकर केलं.

१८८७ मध्ये या पेशावर साऱ्या युरोपची नजर खिळली. जर्मन युवराज फ्रीडरिश याचा आवाज बसला. बर्लिनच्या डॉक्टरांना कर्करोगाचा संशय होता आणि सर्जन बेर्गमान गळा उघडून गाठ काढायला निघाला होता. लंडनहून मोरेल मॅकेन्झी या नामांकित घशाच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने आरशात बघून चिमट्याने गाठीचा कण काढला. सूक्ष्मदर्शकाखाली तो कण तपासणाऱ्या रुडोल्फ व्हिर्खोला त्यात कर्करोग सापडला नाही. शस्त्रक्रिया टळली. पण तो कर्करोगच होता. पुढच्या फेब्रुवारीत गळ्याला भोक पाडावं लागलं, मार्चमध्ये तो सम्राट झाला आणि ९९ दिवस राज्य करून जूनमध्ये वारला. तोंडातून शब्द निघत नसल्याने हा सम्राट चिठ्ठ्या लिहून बोलत होता. त्याच्यामागून आलेला मुलगा म्हणजे पहिल्या महायुद्धातला कैसर विल्हेल्म. एका आरशातल्या अर्धवट दृश्यावर किती काय अवलंबून असावं!

किलियन तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. जन्म माइंत्सचा, २ जून १८६०. वैद्यकाचं शिक्षण झाल्यावर त्याने बर्लिनला बेर्नहार्ड फ्रेंकेल या घशाच्या नामांकित डॉक्टरकडे काही काळ हात घडवला आणि तिशी गाठायच्या आधीच फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या नाक-घसा विभागाची सूत्रं त्याच्याकडे आली.

फ्रायबुर्ग हे नाव आलं की एक तलवार गिळणारा आठवलाच पाहिजे. जत्रेतला खेळ बघताना आपण श्वास रोखतो. फ्रायबुर्गचा प्राध्यापक आडोल्फ कुसमाउल १८६८ मध्ये तसा खेळ करणाऱ्या माणसाकडे वेगळ्याच हिशोबाने बघत होता. सरळ, कडक पातं तोंडातून पोटापर्यंत जातं, म्हणजे मान पुरती मागे टाकली की तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत येत असणार. त्याने त्या माणसाला बोलावून ४७ सेंटिमीटरची धातूची नळी गिळायला लावली. नळी गेली. दिसलं मात्र फारसं नाही, कारण त्या वेळच्या दिव्याचा उजेड नळीच्या तळापर्यंत पोचत नव्हता. हा प्रयोग पुढे जवळजवळ विसरला गेला. १९०१ मध्ये त्याची हकिगत शोधून कागदावर आणली ती किलियननेच.

तरीही ती अन्ननलिका झाली. अन्ननलिका मऊ असते, नळीला जागा करून देते. श्वासनळीला कूर्चेची कडी असतात, ती जरा डिवचली तरी ठसका लागतो, आणि तिच्या अंगाला हृदय आणि महाधमनी ठोके देत असतात. तिच्यात कडक नळी घालणं म्हणजे खून, असं भल्याभल्यांना वाटत होतं. मग एक चूक उपयोगी पडली. बर्लिनमधल्या एका डॉक्टरची अन्ननलिका बघायची नळी अवचित श्वासनळीत घसरली आणि रुग्णाला काही झालं नाही. हे कानावर आल्यावर बर्लिनचाच आल्फ्रेड किर्श्टाइन कामाला लागला. २३ एप्रिल १८९५ रोजी त्याने रुग्णाची मान मागे घेतली, जिभेचं मूळ उचललं आणि आरशाशिवाय, थेट, स्वरयंत्र पाहिलं. काटकोनाचं ते वळण तलवार गिळणाऱ्याच्या पवित्र्यात नाहीसं होतं, हे पुन्हा सिद्ध झालं. आज ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ जीभ उचलून श्वासनळीत नळी घालतात, त्या लॅरिंगोस्कोपचा मूळपुरुष किर्श्टाइनचा. पण तोही श्वासनळीच्या तोंडाशी थांबला. खाली महाधमनीचे ठोके दिसत होते. तिथे जाऊ नका, असंच त्याचं म्हणणं होतं.

किलियनचं मोठेपण इथे आहे. त्याने नवी नळी शोधली नाही, नवा दिवा शोधला नाही. त्याने एक समजूत तपासून पाहिली. फुप्फुसाच्या शाखा ताठ आहेत, त्यांना वाकवलं तर त्या फाटतील, असं सगळे म्हणतात. पण वाकवून पाहिलं कुणी? गळ्याला आधीच भोक असलेल्या रुग्णांत त्याने नळी खाली सरकवून पाहिली, मृतदेहांवर पाहिलं, शेवटी रुग्णालयातलाच एक धडधाकट नोकर प्रयोगाला तयार झाला. कोकेन लावून नळी उतरवली. शाखा ताठ नव्हत्या. हलक्या हाताने नळी तिरकी केली की मुख्य नळी बाजूला सरते, श्वासनळीच्या रेषेत येते आणि पुढच्या शाखांची तोंडं एकामागून एक समोर येतात. तोंडातून निघालेली वाट फुप्फुसात कित्येक सेंटिमीटरपर्यंत सरळ करता येते. माणसाचं शरीर जसं होतं तसंच होतं. त्याला कुणी असं धरून पाहिलं नव्हतं, एवढंच.

म्हणून तो शेतकरी आला तेव्हा किलियन तयार होता. घशाला आणि श्वासनळीला कोकेन लावलं, कपाळावरच्या दिव्याचा झोत नळीत सोडला, अन्ननलिकेसाठी बनवलेली नळी श्वासनळीतून उजवीकडे उतरवली. हाडूक दिसलं. लांब, सडपातळ चिमट्याने ते पकडलं. ते साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब होतं आणि नळीतून बाहेर येण्याइतकं बारीक नव्हतं. तेव्हा चिमटा, हाडूक आणि नळी तिन्ही एकत्र बाहेर ओढली. रुग्ण शुद्धीवर, बसलेला. गळ्यावर टाका नाही. ही हकिगत किलियनच्या हाताखालच्या कोलोफ्राटने त्याच वर्षी म्युनिकच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापली. पुढच्या वर्षी हायडेलबर्गच्या सभेत किलियनने आणखी रुग्णांची हकिगत सांगितली आणि या तपासणीला ब्रॉन्कोस्कोपी हे नाव रूढ झालं. आपल्याकडे लोक तिला सरळ दुर्बिणीची तपासणी म्हणतात.

नंतरची कारकीर्द भराभर वर चढली. फ्रायबुर्गला देशोदेशींचे डॉक्टर शिकायला येऊ लागले. १९०७ मध्ये अमेरिकेचा दौरा झाला, १९११ मध्ये बर्लिनला त्याच फ्रेंकेलच्या जागी नेमणूक झाली. बर्लिनच्या दहा वर्षांत श्वासनळीत किंवा अन्ननलिकेत काही अडकलेले ७०३ रुग्ण त्याच्या विभागात आले. फक्त १२ जणांतली वस्तू काढता आली नाही. नाकाचा पडदा आतून सरळ करण्याची शस्त्रक्रिया, कपाळाच्या पोकळीतला पू काढण्याची शस्त्रक्रिया, घशाच्या मागच्या स्नायूंतला एक कमजोर त्रिकोण, अशा कितीतरी ठिकाणी विद्यार्थ्यांना आजही त्याचं नाव पाठ करावं लागतं. मला त्याची सगळ्यांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. स्वरयंत्राची चित्रं काढून घेताना चित्रकाराला बराच वेळ स्थिर दृश्य हवं होतं आणि तोवर उपकरण हातात धरून ठेवणं कठीण. किलियनने ते उपकरण वर एका आधाराला टांगून दिलं. त्याचे दोन्ही हात मोकळे झाले, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी आता शस्त्रक्रिया करता येईल हे त्याच्या लक्षात आलं. स्वरतंतूंवरच्या आजच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रिया त्या टांगण्यातूनच पुढे आल्या. महायुद्धात गळ्याला गोळी लागलेले सैनिक त्याच्याकडे आले. २४ फेब्रुवारी १९२१ रोजी, साठाव्या वर्षी, तो बर्लिनला वारला.

नळीचं काम थांबलं नाही. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सनने दिवा नळीच्या टोकाला नेला आणि लोकांच्या घशातून, अन्ननलिकेतून, फुप्फुसांतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू, सेफ्टी पिना, नाणी, गुंड्या, खेळण्यांचे तुकडे, जपून ठेवल्या. फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात त्या खणांत मांडलेल्या आहेत. १९५४ मध्ये पंजाबातल्या मोग्याचा नरिंदर सिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळवून नेता येतं हे दाखवलं. त्यावर १९६० च्या दशकात टोकियोच्या शिगेतो इकेदाने वाकणारा ब्रॉन्कोस्कोप बनवला. म्हाळुंग्याच्या कारखान्यातली लवचिक नळी त्याच घराण्यातली आहे.

वाकणारी नळी आल्यावर किलियनची कडक नळी मोडीत निघायला हवी होती. एका कामात ती निघाली नाही: लहान मुलांच्या श्वासनळीत काही अडकलं, तर आजही डॉक्टर बहुतेक वेळा कडक नळीच हाती घेतात. कारण तिच्यातून मुलाला प्राणवायू देत देत चिमटाही चालवता येतो. वर्षाच्या बाळाची श्वासनळी त्याच्याच करंगळीएवढी असते. तिथे दोन नळ्यांना जागा नसते.

आणि आपल्याकडे त्या चिमट्यात येतो तो बहुधा शेंगदाणा. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या राशींशेजारी भुईमुगाच्या शेंगाही येतात. घराघरांत भाजलेले दाणे, फुटाणे, चिक्की वाटीत उघडे असतात. शिवाय चिंचोके, सीताफळाच्या बिया, सुपारी, शिट्ट्या. तीन वर्षांखालच्या मुलाला दाढा पुरत्या नसतात. ते दाणा फोडतं, चावत नाही, आणि हसताना किंवा पळताना अर्धुक आत ओढतं. दाणा ओल्या नळीत फुगतो. त्याच्या तेलाने आतली त्वचा सुजते. पुष्कळदा तो एकाच बाजूने उघडणारा पडदा बनतो: श्वास घेताना हवा आत जाते, सोडताना अडते, आणि ते फुप्फुस फुगत जातं. सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे दाणा एक्स-रेत दिसत नाही. नाणं दिसतं, दाणा नाही. पहिल्या ठसक्यानंतर मूल शांत होतं, खेळायला लागतं. घरचे विसरतात. मग दोन-तीन आठवडे खोकला, घरघर, ताप. औषधं दम्याची किंवा न्यूमोनियाची.

ठसका लागला की आपण मुलाला म्हणतो, वर बघ. त्याने अडकलेलं निघत नाही. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, केळं किंवा भाताचा घास भरवू नका. आवाजच निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतलं बाळ पालथं, डोकं खाली करून हातावर धरा, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब द्या, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. तळेगाव चौकातल्या कोंडीत गाडी अडकेल हे गृहीत धरून वेळेचा हिशोब करा. मूल सावरल्यासारखं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि शक्यतो असं रुग्णालय, जिथे लहान मुलांना भूल देऊन दुर्बिणीने श्वासनळी तपासतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे दाणे देऊच नका. कूट करून द्या. आणि आठवड्यांपासूनच्या खोकल्यासाठी मूल घेऊन गेलात तर एक्स-रे दाखवण्याआधी डॉक्टरांना एवढं सांगा, की अमुक दिवशी खाता खाता याला ठसका लागला होता आणि तोंडात शेंगदाणा होता.